ध्वनिमर्यादा मशीनमध्येच बसवायची, तर किल्ली कोणाकडे?

माननीय संपादक यांस,

स. न. वि. वि.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कुर्ल्यातील रहिवासी संघटनांच्या याचिकेवर निकाल देताना, ध्वनिक्षेपकाचा वापर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असे स्पष्ट केले, आणि त्यावर वृत्तपत्रांतून व दूरचित्रवाणीवरून भरपूर चर्चा झाली. त्याच निकालात आणखी एक सूचना होती. प्रार्थनास्थळांच्या ध्वनियंत्रणेत, मग धर्म कोणताही असो, आवाज ठरावीक पातळीवर आपोआप थांबेल अशी अंगभूत सोय असावी आणि तसे निर्देश देण्याचा सरकारने विचार करावा, असे न्यायालयाने म्हटले होते. मी गेली एकतीस वर्षे सांगली-मिरज भागात ध्वनियंत्रणा बसवण्याचे आणि दुरुस्तीचे काम करतो. ही सूचना अमलात आणायची झाली तर प्रत्यक्ष यंत्रात काय करावे लागते, ती कुठे फसते आणि कुठे मुळातच लागू पडत नाही, याविषयी धंद्यातल्या माणसाचे म्हणणे वाचकांपुढे यावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आमच्याकडे ध्वनिवर्धकाला, म्हणजे पॉवर अ‍ॅम्प्लिफायरला, सरसकट ‘मशीन’ म्हणतात. मीही तोच शब्द वापरतो. आज बाजारात मिळणाऱ्या मधल्या आणि वरच्या किमतीच्या बहुतेक मशीनमध्ये एक छोटा संगणक बसवलेला असतो. कोणत्या व्होल्टेजला आवाज दाबायचा, किती तापल्यावर आधी आवाज कमी करायचा आणि किती तापल्यावर वाहिनी, म्हणजे मशीनचे एक चॅनेल, बंद करायची, जनरेटरचे व्होल्टेज किती खाली आल्यावर थांबायचे, दोष निवळल्यावर आपोआप सुरू व्हायचे की माणसाने बटण दाबेपर्यंत वाट पाहायची, हे सारे त्यात आकड्यांनी भरता येते. तेव्हा मर्यादेची सोय नव्याने शोधून काढायची नाही. मात्र ती सोय मशीनच्या आणि स्पीकरच्या जिवासाठी केलेली आहे, समोरच्या घरातल्या आजारी माणसाच्या झोपेसाठी नव्हे, आणि सरकारी परिपत्रकात या दोहोंची गल्लत झाली तर सगळेच मुसळ केरात जाईल.

कारण मशीनला डेसिबल कळत नाहीत. त्याला कळतात व्होल्ट, अँपिअर आणि स्वतःच्या पोटातले तापमान. समजा स्पीकरच्या मागच्या पाटीवर ५०० वॅट आणि ८ ओहम असे लिहिले आहे, तर त्या स्पीकरला सलग सोसवणारे व्होल्टेज सुमारे ६३ येते. एखादा जाणता साउंडवाला सरासरीचा लिमिटर, म्हणजे ठरलेल्या आकड्यापुढे आवाज दाबणारी सोय, ६३ व्होल्टवर आणि क्षणिक टोल्यांसाठीचा लिमिटर त्याच्या दुपटीवर, म्हणजे सव्वाशे व्होल्टच्या आसपास ठेवतो; पहिला स्पीकरमधली कॉइल, म्हणजे तारेची गुंडाळी, जळू नये म्हणून, दुसरा कोन, म्हणजे थरथरणारा पडदा, फाटू नये म्हणून. ही झाली यंत्राची मर्यादा. आता कायद्याची मर्यादा पाहू. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही पातळी ठरलेली आहे, आणि सार्वजनिक जागेत ध्वनिक्षेपक लावला तर त्या जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या ठरलेल्या पातळीपेक्षा १० डेसिबल अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल तेवढाच आवाज चालतो. ‘७५ पर्यंत चालते’ हे वाक्य मी मंडळांच्या कार्यकर्त्यांकडून आणि कधीकधी बंदोबस्तावरच्या पोलिसांकडूनही ऐकले आहे, पण ते व्यापारी आणि औद्योगिक भागापुरते खरे आहे. निवासी गल्लीत दिवसाचा आकडा ६५ आहे.

हा ६५ चा आकडा मशीनच्या भाषेत काय होतो? चांगल्या प्रतीचा एक डबा, म्हणजे पेटीतला स्पीकर, १ वॅटला १ मीटरवर १०० डेसिबल देतो असे धरू. वॅट दहापट झाले की १० डेसिबल वाढतात, या हिशोबाने ५०० वॅटला तो १२७ डेसिबल देईल. उघड्या मैदानात अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल कमी होतात, म्हणजे २० मीटरवरच्या हद्दीवर १०१ उरतील. तिथे ६५ हवे असतील तर ३६ डेसिबल खाली यावे लागेल, आणि ३६ डेसिबल खाली येणे म्हणजे वॅट चार हजारपट कमी करणे. पाचशे वॅटचा तो डबा एक अष्टमांश वॅटवर वाजवायचा. लिमिटर ६३ व्होल्टऐवजी १ व्होल्टवर लावायचा. हे गणित मी मंडळाच्या पोरांना वहीवर करून दाखवतो तेव्हा ती हसतात. व्यापारी भागात ७५ चालतात, तिथे हाच हिशोब सव्वा वॅटवर येतो. असे असताना आपण चार-चार हजार वॅटची मशीन आणि डब्यांच्या भिंती भाड्याने आणतो, याचा अर्थ मर्यादा पाळण्याचा विचार सामान उतरवण्याआधीच सोडलेला असतो.

मिरवणुकीबद्दलही यातूनच उत्तर मिळते, आणि ते माझ्या धंदेबंधूंना आवडणार नाही. अरुंद बोळातून ट्रॅक्टर चालला आहे, घराची खिडकी डब्यापासून तीन मीटरवर आहे. तिथे त्याच एका डब्याचे ११७ डेसिबल होतात आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींमुळे ते लवकर ओसरतही नाहीत. शिवाय ट्रॅक्टर पुढे सरकेल तशी हद्द बदलत जाते, त्यामुळे एका जागी मोजून लावलेला आकडा पुढच्या चौकात निरर्थक होतो. कोणताही लिमिटर, कितीही हुशार असला तरी, ही भिंत कायदेशीर करू शकत नाही. तेव्हा ‘आमच्या मशीनला लिमिटर आहे’ ही सबब मिरवणुकीत कोणी पुढे केली तर ती ऐकून घेऊ नये. स्वयंचलित मर्यादेचा खरा उपयोग स्थिर जागी आहे: मंदिर, मशीद, चर्च, समाजमंदिर, मंडप, लग्नाचे लॉन. (ढोल-ताशाला तर लिमिटरच नसतो, त्याचा प्रश्न वेगळा आणि तो वेगळ्याच लोकांनी सोडवायचा आहे.)

स्थिर जागी काम असे करावे लागते. स्पीकर ज्या जागी, ज्या दिशेला कायम राहणार त्या जागी आधी पक्के करायचे. मग मिक्सरमधून पिंक नॉइज, म्हणजे धबधब्यासारखा सलग चाचणी आवाज, सोडायचा. एक माणूस ध्वनिमापक घेऊन सर्वांत जवळच्या घराच्या हद्दीवर उभा करायचा आणि तिथे ठरलेला आकडा येईपर्यंत आवाज हळूहळू चढवायचा. त्या क्षणी मशीनच्या पडद्यावर जे व्होल्टेज दिसेल ते सरासरीच्या लिमिटरचे व्होल्टेज. मापक खरा हवा आणि कामाआधी तो ९४ डेसिबलच्या कॅलिब्रेटरवर, म्हणजे ठरावीक आवाज देणाऱ्या प्रमाण यंत्रावर, तपासलेला हवा. मोबाइलमधल्या ॲपवर भरवसा ठेवून केलेले काम मी तरी मानत नाही, कारण दोन मोबाइल शेजारी-शेजारी धरले की दोन वेगळे आकडे दाखवतात.

बेसचा मुद्दा इथे निघतोच. आपले नियम ‘ए’ मापनावर बांधलेले आहेत, आणि हे मापन माणसाच्या कानाप्रमाणे खालच्या सुरांना कमी धरते. ६३ हर्ट्झचा ठोका ‘ए’ मापनात सुमारे २६ डेसिबलने कमी नोंदवला जातो. ‘सी’ मापनात तो एका डेसिबलनेही कमी होत नाही. म्हणजे छातीत धडधडणारा आणि काचा थरथरवणारा १०० डेसिबलचा बेस पोलिसांच्या मापकावर जेमतेम ७४ दाखवील. हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तपासणी येणार असे कळले की टॉप, म्हणजे वरच्या सुरांचे स्पीकर, खाली घेऊन बेस तसाच ठेवण्याची युक्ती त्यातूनच निघाली आहे. फ्रान्सने २०१७ च्या हुकुमान्वये संगीताच्या जागांसाठी पंधरा मिनिटांच्या सरासरीवर ‘ए’ मापनात १०२ आणि ‘सी’ मापनात ११८ अशा दोन मर्यादा घातल्या. त्या आत नाचणाऱ्यांच्या कानांसाठी आहेत, शेजाऱ्यांसाठी नाहीत, त्यामुळे ते आकडे आपल्याकडे आणायचे नाहीत. पण बेसला वेगळा आकडा हवा ही गोष्ट घेण्यासारखी आहे. बेसचे मशीन बहुतेक ठिकाणी वेगळेच असते, तेव्हा त्याचा लिमिटर वेगळा लावायला काहीच अडचण नाही.

आता मर्यादा ओलांडली की मशीनने काय करायचे हे ठरवायला हवे, आणि माझ्या मते सर्वांत जास्त चुका इथे होतात. इंग्लंडमध्ये गावांतल्या अनेक सभागृहांत आणि लग्नाच्या जागांत मापक भिंतीवर लावलेला असतो. आवाज चढला की दिवा लाल होतो आणि तरीही तो उतरला नाही तर वादकांचा वीजपुरवठाच तुटतो. आपल्याकडे असे करू नये असे मी अनुभवावरून सांगतो. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या मंडपात मी यंत्रणा बसवली होती. आयोजकांनी खर्च वाचवण्यासाठी जनरेटर लहान आणला. आरतीच्या वेळी मंडपाचे दिवे आणि पंखे सगळे एकदम लागले, बेसच्या प्रत्येक ठोक्याला व्होल्टेज बसू लागले, आणि कमी व्होल्टेजची मर्यादा मी वर ठेवलेली असल्यामुळे मशीन प्रोटेक्टला गेले, म्हणजे स्वतःच्या बचावासाठी बंद पडले. सगळा मंडप एकदम शांत झाला. मागच्या लोकांना काय झाले ते कळेना, पुढे रेटारेटी सुरू झाली आणि ‘जागेवर थांबा’ हे सांगायला माइकच राहिला नव्हता, कारण सूचनांचा माइकही त्याच मशीनवर होता. कोणाला इजा झाली नाही हे नशीब. दोष आयोजकांचा होता तसा माझाही होता: जनरेटर पाहिल्यावर मी ती मर्यादा आणि तिची कृती दोन्ही बदलायला हवी होती.

तेव्हापासून माझा नेम असा आहे. ध्वनिमर्यादा ओलांडली तर मशीनने आवाज दाबावा, तोडू नये. तापमानाच्या बाबतीत आधी आवाज उतरवावा आणि अगदी शेवटी फक्त ती वाहिनी बंद करावी, पूर्ण मशीन नव्हे. स्पीकरच्या तारांत शॉर्ट सापडला किंवा बाहेर डीसी, म्हणजे बॅटरीसारखा एकाच दिशेचा प्रवाह, येऊ लागला तर मात्र वाहिनी ताबडतोब बंद व्हावी आणि माणसाने येऊन पाहिल्याशिवाय सुरू होऊ नये, कारण तिथे आगीचा प्रश्न असतो. सूचनांचा माइक वेगळ्या, लहान मशीनवर असावा. आणि दोष निवळून मशीन पुन्हा सुरू होईल तेव्हा ते आधीच्या पातळीवर नव्हे, तर मर्यादेतल्या नोंदवलेल्या मांडणीवर यावे. हा शेवटचा तपशील किरकोळ वाटतो, पण काही मशीन वीज जाऊन आली की कारखान्यातून आलेल्या मूळ मांडणीवर परततात. आपल्याकडे वीज किती वेळा जाते हे मी सांगायला नको, आणि त्या प्रत्येक वेळी तासभर खपून लावलेली ध्वनिमर्यादा मुकाट्याने पुसली जाते.

दूरनियंत्रणाचे म्हणाल तर ती दुधारी सुरी आहे. नेटवर्कच्या तारेने किंवा वाय-फायने लॅपटॉप जोडून मंडपाच्या दुसऱ्या टोकाला बसून प्रत्येक मशीनचे तापमान, व्होल्टेज, लिमिटर किती दाबतो आहे हे सगळे पाहता येते, आणि ही सोय नसती तर मोठ्या जागेचे काम आज करताच आले नसते. पण त्याच वाटेने मर्यादा काढूनही टाकता येते. एका लग्नाच्या लॉनवर मी दुपारी मापक लावून, शेजारच्या सोसायटीच्या माणसाला सोबत घेऊन, मर्यादा बसवली आणि समोरचे पॅनेल कुलूपबंद केले. रात्री साडेआठला त्याच सोसायटीतून फोन आला. जाऊन पाहिले तर पॅनेल कुलूपबंदच होते. डीजेबरोबर आलेल्या मुलाने मोबाइलवर कंपनीचे ॲप उतरवून, राउटरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड जशाचा तसा असल्यामुळे, पाच मिनिटांत लिमिटर काढला होता. तो पासवर्ड न बदलण्याचा आळस माझा. त्या मुलाला मी रागावलो नाही. त्याने मला एक धडा फुकट दिला.

म्हणून कायम जागेवरच्या मशीनला मी आता वाय-फाय ठेवतच नाही. मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता स्थिर, तार एकच, ती कुलूपबंद कपाटात, आणि पासवर्डचे दोन थर: एकाने नुसते पाहता येईल आणि आवाज खाली घेता येईल, दुसऱ्याने मर्यादा बदलता येईल. नेटवर्क तुटले तर मशीनने शेवटच्या मांडणीवर वाजत राहावे. संपर्क तुटला म्हणून मर्यादा सैल होता कामा नये. बाहेरून तार तोडली की मशीन ‘लोकल’ अवस्थेत जाते आणि पॅनेल उघडे पडते, असा प्रकार काही मशीनमध्ये असतो, तो आधी तपासून घ्यावा लागतो.

हे सारे नव्या मशीनचे झाले. प्रत्यक्षात भाड्याच्या धंद्यात निम्म्याहून अधिक सामान जुने आहे, त्यात दोन बटणे आणि एक लाल दिवा यापलीकडे काही नाही. त्यांच्यासाठी मिक्सर आणि मशीन यांच्या मध्ये वेगळा प्रोसेसर बसवून त्यात मर्यादा भरता येते, पण मग मशीनवरची आवाजाची बटणे पत्र्याच्या झाकणाखाली बंद करावी लागतात. नाहीतर लिमिटर पुढे आणि बटण मागे, असा पोरखेळ होतो. भोंग्यांच्या बाबतीत तर संगणकाचीही गरज नाही. शंभर व्होल्टच्या लाइनवरच्या भोंग्याला आतल्या ट्रान्सफॉर्मरवर १५, साडेसात, पावणेचार असे टप्पे असतात. एक टप्पा खाली आला की ३ डेसिबल कमी. त्याहून उत्तम उपाय म्हणजे शिखरावरचा किंवा मिनारावरचा एक मोठा भोंगा काढून, आवारातच लोकांच्या डोक्यापासून दोन-तीन मीटरवर सात-आठ छोटे स्पीकर आतल्या बाजूला तोंड करून लावणे. ऐकणाऱ्याला शब्द अधिक स्पष्ट ऐकू येतात आणि हद्दीबाहेर आवाज फारसा जात नाही. मी असे बदल मंदिरांतही केले आहेत आणि मशिदींतही, आणि दोन्हीकडे पहिल्या आठवड्यात ‘आवाज कमी झाला’ अशी तक्रार आली. नंतर पुन्हा कोणी तो विषय काढला नाही.

राहता राहिला किल्लीचा प्रश्न. मर्यादा बदलण्याचा पासवर्ड विश्वस्तांकडे ठेवला तर त्यांच्यावर दबाव येतो, साउंडवाल्याकडे ठेवला तर त्याचे पुढचे काम जाते, आणि पोलिसांकडे ठेवला तर प्रत्येक किरकोळ दुरुस्तीसाठी ठाण्यात खेटे घालावे लागतील. यावर तोडगा आपल्या राज्यात आधीच आहे. रिक्षाचे भाडे बदलले की मीटरचे कॅलिब्रेशन होते, तपासणी होते आणि त्याला सील लागते. तराजूच्या वजनांवर वैधमापन खात्याचा शिक्का असतो. फरक इतकाच की रिक्षाचा मीटर कुठल्याही रस्त्यावर तोच राहतो आणि ध्वनियंत्रणेचा आकडा जागेबरोबर बदलतो, म्हणून शिक्का मशीनवर नव्हे तर मशीन आणि जागा या जोडीवर हवा. परवानगीच्या अर्जासोबत एक पान जोडावे: मशीनचा अनुक्रमांक, स्पीकर किती व कोणत्या दिशेला, टॉपचा आणि बेसचा लिमिटर किती व्होल्टवर, हद्दीवर ‘ए’ आणि ‘सी’ मापनात किती आकडा आला, कोणी व कधी मोजला. तपासणीला आलेल्या हवालदाराला मग गर्दीत मापक घेऊन वाद घालावा लागणार नाही. मशीनच्या पडद्यावरचा आकडा आणि कागदावरचा आकडा ताडून पाहिला की झाले. मोजणी करणाऱ्या तंत्रज्ञाला जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांनी नोंदणी द्यावी आणि खोटा आकडा लिहिला तर ती रद्द करावी. अशी नोंदणी घ्यायला आमच्यातले अनेक जण तयार होतील, कारण आज प्रामाणिकपणे कमी आवाज लावणाऱ्याचे काम शेजारच्या गावचा जास्त आवाजवाला घेऊन जातो.

शासन यावर परिपत्रक काढणार असेल तर त्यात ‘लिमिटर असावा’ एवढे एकच वाक्य नसावे. कोणता लिमिटर, किती व्होल्टवर, कोणत्या जागी मोजून, वीज जाऊन आल्यावर तो टिकतो की नाही, आणि दूरनियंत्रणाचा मूळ पासवर्ड बदलला आहे की नाही, या पाच गोष्टी लिहिल्याशिवाय ते काढू नये अशी आपल्या पत्रामार्फत विनंती आहे. मंडळे माझी ग्राहक असल्यामुळे माझे नाव कृपया छापू नये.

आपला नम्र,
एक ध्वनितंत्रज्ञ, सांगली